परक्या डोंगरातलं पेव

उषा, तुझा नवरा माझा फोन उचलत नाही. श्रीकांत! आधी वाटलं, माणूस दुःखात आहे, झोपला असेल. आता कळतंय की नाव बघून ठेवून देतो. त्याचं काही चुकत नाही. शनिवारी तुझ्या शोकसभेत, चर्चच्या बेसमेंटमधल्या त्या घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांसमोर, मी उभी राहिले आणि सांगितलं की तुझं पेव फसलं होतं. तुला जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. हार घातलेला तुझा फोटो टेबलावर होता, आणि त्याच्याकडे पाठ करून मी हे बोलले. तोंड करून बोलता आलं नसतं.

हे सगळं आता मी सांगू कुणाला? अमेरिकेतल्या या ॲन आर्बरमध्ये माझं मराठीतलं भांडण शेवटपर्यंत ऐकून घेणारी तू एकटीच होतीस. बाकीचे दोन वाक्यांत इंग्रजीत शिरतात आणि सभ्य होतात. तू कधी सभ्य झाली नाहीस. ‘शैले, तुझी जीभ आहे की कोयता?’ असं भर बसमध्ये ओरडायचीस आणि ड्रायव्हर आरशातून बघायचा.

बसमध्येच तर भेटलो आपण. बर्फ पडत होतं, मी फोनवर देवगडला आईशी हुज्जत घालत होते, आणि पुढच्या सीटवरची टोपी-मफलर घातलेली बाई वळून म्हणाली, ‘कोकणातल्या का तुम्ही? आवाजावरून ओळखलं.’ मी म्हटलं, ‘आणि तुम्ही घाटावरच्या, चोरून ऐकण्यावरून ओळखलं.’ तू सोलापूरकडची, इथे विद्यापीठात मातीवर संशोधन करायला आलेली. मी लायब्ररीत कॅटलॉगिंग करणारी, एकटी राहणारी. त्या आठवड्यात तू मला घरी जेवायला बोलावलंस आणि कडक ज्वारीची भाकरी समोर ठेवून म्हणालीस, ‘दात चांगले असतील तर मैत्री टिकेल.’

माझी आई गेली तेव्हा मला जाता आलं नाही. व्हिसाचं काम अडकलेलं, बाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं. तू आलीस, गॅस पेटवलास, पिठलं टाकलंस, मला बळेबळे चार घास भरवलेस आणि मग सोफ्यावर बसून स्वेटर विणत राहिलीस. एक अक्षर सांत्वनाचं नाही. त्या दिवशी मी तुला बहीण मानलं. आणि आपल्यात बहिणीला काहीही बोलायची मुभा असते, असंही तेव्हाच ठरवून टाकलं.

तू कॉफी पीत नव्हतीस, हे त्या गटातल्या लोकांना शेवटपर्यंत मजेचं वाटायचं. कॉफी पिकवणाऱ्यांसाठी जीव टाकणारी बाई स्वतः थर्मासमधून आल्याचा चहा आणते! चर्चमधली ती आठ-दहा माणसं, रिटायर झालेला शाळामास्तर टॉम त्यांचा म्होरक्या. ग्वाटेमालातल्या एका डोंगरावरच्या वाडीतून ती थेट कॉफी मागवायची, शनिवारच्या बाजारात विकायची, आणि उरेल ते वाडीला परत पाठवायची. तू माती बघायला म्हणून एकदा त्यांच्याबरोबर गेलीस आणि परत आलीस ती वेगळीच होऊन. जगात कॉफीचे भाव कोसळले होते ते दिवस. तू माझ्या टेबलाशी बसून सांगत होतीस आणि मला काही केल्या पटत नव्हतं.

‘कॉफीचा मळा आहे, मग खायला कसं नाही?’

‘कॉफी चावून पोट भरतं का?’ तू चिडून म्हणालीस. मग शांतपणे समजावलंस. थंडीत कॉफी तोडली की हातात पैसा येतो. तेव्हाच मकाही स्वस्त असतो, तो भरून ठेवतात. पण घरात ठेवलेल्या मक्याला किडा लागतो, उन्हाळा सरेपर्यंत अर्धं पीठ होतं. पाऊस सुरू झाला की पैसा संपलेला, मका संपलेला, आणि बाजारात तोच मका महाग. पुढचं पीक येईपर्यंत एक वेळचं जेवण, तेही मुलांना. त्या महिन्यांना ते लोक त्यांच्या भाषेत हडकुळे महिने म्हणतात. ‘कॉफीला भाव मिळवून देणं आपल्या हातात नाही, शैला,’ तू म्हणालीस. ‘पण घरातला दाणा घरात राहील एवढं तर बघता येईल ना?’

तू पुष्कळ काही केलंस तिथे. कॉफीच्या ओळींमधून घेवडा लावायला लावलास, सावलीला केळी, अंगणात भोपळा. बायका तुला हसायच्या कारण तू लुगडं खोचतात तशी पॅंट गुडघ्यापर्यंत गुंडाळून चिखलात उतरायचीस. घेवडा चांगला आला. केळी आली. हे सगळं शनिवारी कुणालाच आठवलं नाही. आठवलं ते फक्त पेव.

पेवाची कल्पना तू माझ्याच स्वयंपाकघरात काढलीस. तुझ्या लेकीला, इराला सांगत होतीस की तुझ्या आजोळी ज्वारी जमिनीच्या पोटात ठेवायचे. गळ्याशी अरुंद, आत रांजणासारखा रुंद खड्डा. घट्ट मुरुमात खणलेला, शेणामातीने सारवून आत कडबा जाळून कोरडा केलेला. ज्वारी भरायची, वर फरशी, फरशीवर माती. आत हवा नाही म्हणून किडा जगत नाही. वर्षानुवर्षं ज्वारी राहायची आणि उघडलं की आधी आत कंदील सोडून बघायचे, विझला तर माणूस उतरवायचा नाही. इराने ‘कूल!’ म्हटलं आणि तुझ्या डोळ्यांत जे चमकलं ते मी बघितलं.

‘उषा, नको,’ मी लगेच म्हटलं. ‘तुझं सोलापूर कोरडं ठणठणीत. तू त्या डोंगराचे फोटो दाखवलेस ना, भिंतींना शेवाळ आहे. तिथे जमिनीत धान्य पुरणार तू?’

‘तुम्हा कोकणातल्यांना सगळीकडे ओलच दिसते.’

‘कारण आम्ही ओलीत जन्मलोय. आमच्याकडे बियाणं चुलीच्या वर, धुरात टांगतात. जमिनीला टेकू देत नाहीत.’

‘मी मातीची डॉक्टर आहे, शैला. डोंगराच्या धारेवरची जागा बघितलीय मी, मुरूमच आहे तिथे. प्लॅस्टिकचं अस्तर घालीन. मे महिन्याच्या आत उघडू.’ आणि वर हसून, ‘माझ्या आजोबांचं काहीतरी जगाच्या कामी येऊ दे की गं.’

इथे मी माघार घेतली. आपल्यापैकी प्रत्येकाला इथे तेच तर हवं असतं. दिवसभर दुसऱ्याच्या पद्धतीने काम करायचं, दुसऱ्याच्या तोंडाने बोलायचं, आणि मनात कुठेतरी की आमच्याकडचं एक तरी काहीतरी असं निघावं जे यांच्याकडे नाही. कुणी हळदीचं सांगत बसतो, कुणी योगाचं. तुझ्याकडे पेव होतं.

आणि पहिल्या वर्षी ते लागू पडलं, हाच तर घात झाला. पाऊस उशिरा आला. ज्या बाईच्या परसात तू ते खणलंस तिला तू रोसाबाई म्हणायचीस, आणि पुढे सगळी वाडी तिला तसंच म्हणायला लागली. रोसाबाईने पेव उघडलं तर मका जसा भरला तसा, एक किडा नाही. टॉमने काढलेला तो फोटो, तिच्या दोन्ही हातांच्या ओंजळीत पिवळाधमक मका आणि मागे तू, घामाघूम, दात काढून हसणारी. तो फोटो स्लाइड झाला. चर्चमध्ये दाखवला, विद्यापीठात दाखवला, दुसऱ्या गावांतले दुसरे गट येऊन घेऊन गेले. मराठी मंडळाच्या गणपतीत तुझा सत्कार झाला आणि तू पैठणी नेसून स्टेजवर लाजत उभी राहिलीस. मीही टाळ्या वाजवल्या. हरले म्हणून खुशीत वाजवल्या, हे तुला ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी वाडीत घरोघरी पेवं भरली. मला रजा होती, तू म्हणालीस चल, कोकण्यांना दाखवते. पाऊस त्या वर्षी लवकर सुरू झाला होता, आणि आपण पोचलो तेव्हा डोंगर ढगात होता. रोसाबाईच्या परसात पाय टाकला आणि माझ्या तळव्याला ती ओल लागली. बुटातून लागली, तुला खोटं वाटेल. 

फरशी काढली. तू दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडलीस, ती विझली, बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास. मग वास आला. आंबोळीचं पीठ विसरून राहिलं आणि त्याला वर बुरशी आली की येतो तसा. तू वास ओळखलास, कारण तुझा चेहरा लगेच उतरला, पण तरी गुडघ्यांवर बसून हात घातलास. वरचा मका कोरडा होता. हात कोपरापर्यंत गेल्यावर तू थांबलीस. बाहेर काढलास तेव्हा मुठीत काळाहिरवा गोळा होता, त्याला पांढरे कोंब फुटलेले. पाणी वरून आलंच नव्हतं. खालून, बाजूने, मातीतून पाझरून आलं होतं आणि प्लॅस्टिकने ते आतच धरून ठेवलं होतं.

रोसाबाईने ओरडा केला नाही. तिने ओचा पसरला आणि वरचा चांगला दिसणारा मका वेगळा काढायला बसली. शेजारच्या दोघी-तिघी बसल्या. धान्य निवडायला बायका बसतात तशाच, गप्पा मारत नव्हत्या एवढंच. आणि तू उभी राहून म्हणालीस, नाही. हेही नाही. ही बुरशी विषारी असते, डोळ्यांना दिसत नाही तिथेही असते. तुला ते तिच्या भाषेत नीट सांगताही येत नव्हतं. तू नुसती मान हलवत ‘नो, रोसाबाई, नो’ म्हणत राहिलीस. तिने तुला काहीतरी विचारलं आणि तू पुन्हा नो म्हणालीस. परतताना जीपमध्ये मी विचारलं, काय म्हणत होती? तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, ‘डुकरांना घालू का म्हणत होती.’

तो सगळा मका त्यांनी त्याच खड्ड्यात लोटला आणि वर माती ओढली. एकामागून एक घर, सगळीकडे तेच. त्यानंतर रोसाबाईने आपल्याला आत बोलावून खायला घातलं. ती मक्याची भाकरी बाजारातून आणलेल्या पिठाची होती आणि चुलीशी बसलेली तिची नात आपल्या ताटाकडे बघत होती. तू खाल्लंस. मला गिळवत नव्हतं तर दबक्या आवाजात म्हणालीस, ‘खा शैला. टाकलंस तर मी तुला इथेच सोडून जाईन.’

रजा संपली तशी मी परत आले, त्या हडकुळ्या महिन्यांत तू तिथेच राहिलीस. होतं नव्हतं ते घालून मका आणवलास, गटाला काय सांगितलंस देव जाणे. नंतरच्या वर्षी पत्र्याच्या कोठ्या बसवल्यास, चुलीपासून हातभर अंतरावर, विटांवर चढवून. त्या टिकल्या. मी तुला कधी चिडवलं नाही की शेवटी आमच्यासारखं चुलीशीच आलीस. चिडवायला हवं होतं का? आपण पेवाबद्दल बोलणंच सोडून दिलं आणि मग आपल्या बोलण्यात सगळीकडे ते आडवं यायला लागलं.

कारण ती स्लाइड चालूच होती, उषा! रोसाबाईची ओंजळ, पिवळाधमक मका. दुसऱ्या गटांनी दुसऱ्या डोंगरांत पेवं खणायला घेतली होती, तुझ्या नावाने, तुझा फोटो दाखवून. मी विचारायचे, ‘कधी सांगणार?’ तू म्हणायचीस, ‘सांगते गं. एक वर्ष दे. आत्ता सांगितलं तर लोक कोठ्यांनाही हात आखडता घेतील. म्हणतील, ही बाई दर वर्षी नवीन काहीतरी काढते.’

‘आणि तिकडे ज्यांचा मका सडेल त्यांचं काय?’

‘सगळीकडे सडणार नाही. काही जागा कोरड्या असतात.’

‘तुझा तरी विश्वास आहे का यावर?’

तू उठून भांडी घासायला लागायचीस. तुझं हे नेहमीचं. उत्तर नसलं की नळ सोडायचा.

मग इराने कॉलेजच्या अर्जासाठी निबंध लिहिला. माझी आई आणि तिच्या आजोबांचं पेव. मला वाचायला दिला होता तिने, फार सुंदर लिहिला होता. सोलापूरची ज्वारी कधी न बघितलेल्या मुलीने कडबा जळण्याचा वास लिहिला होता. तुझा हात कोपरापर्यंत आत गेलेला मी पाहिला होता आणि हे वाचत होते. तू तिचे स्वल्पविराम दुरुस्त केलेस, तिला जवळ घेतलंस. त्यानंतर मी तुला ‘कधी सांगणार’ हे विचारणं थोडं कमी केलं. माया म्हण, भित्रेपणा म्हण. मी मायाच म्हणते.

यंदा आजारपण आलं. केमोनंतर तुला कॉफीच्या वासानेही मळमळायचं आणि आपण दोघी त्यावर हसलो, बघ, शेवटी कॉफीने सूड घेतला म्हणून. हसता हसता तू रडायला लागलीस. बाहेर जगभर धान्य महागलं होतं. रोसाबाईच्या वाडीतून निरोप यायचा की कोठ्या भरल्यात, ठीक आहे. दुसऱ्या डोंगरांतून काहीच यायचं नाही, आणि त्या काहीच नसण्याची मला धास्ती वाटायची. मी एकदा शेवटचं म्हटलं, ‘उषा, टॉमला बोलावते. तू पडल्या पडल्या सांग. दोन वाक्यं.’

तू छताकडे बघितलंस. ‘माझ्याकडे एवढं एकच आहे गं,’ म्हणालीस. ‘बाकी सगळं कुणीही केलं असतं.’

मी चिडले. आजारी माणसावर चिडू नये पण चिडले. घेवडा कोण लावणार होतं, कोठ्या कोण बसवणार होतं, रोसाबाईच्या ताटातली भाकरी गिळायची हिंमत कुणाची होती, असं सगळं बोलायचं होतं. बोलले ते भलतंच. ‘एकच आहे आणि तेही सडलेलं,’ म्हटलं. तू डोळे मिटून घेतलेस. तसंच म्हणालीस, ‘बरं वाटलं की बघू.’ नंतर बरं काही वाटलं नाही. आपलं पुन्हा बोलणं झालं ते औषधांचं, उशांचं, इराच्या सुट्टीचं.

आता शनिवारचं ऐक. टॉम छान बोलला. तू चिखलात पॅंट गुंडाळून उतरायचीस तेही बोलला, लोक रडत रडत हसले. मग त्याने तीच स्लाइड लावली आणि म्हणाला की उषाची आठवण म्हणून आम्ही ठरवलंय, येत्या थंडीत आणखी चार वाड्यांमध्ये पेवं खणायची. त्यांना ‘उषाज पिट्स’ म्हणायचं. देणगी ठेवायची टोपली फिरायला लागली. श्रीकांत ओंजळीत तोंड धरून रडत होता आणि इरा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मी बसून होते. डोळ्यांसमोर चार वाड्या दिसत होत्या, चार ठिकाणच्या बायका ओचा पसरून मका निवडायला बसलेल्या, आणि त्यांना नो म्हणायलाही तिथे कुणी नाही. तू असतीस तर त्यांना विष खाऊ दिलं नसतंस. आता कोण सांगणार त्यांना? त्या खातील. मुलांना आधी घालतील. टाळ्या थांबल्या, सगळे बसले आणि मी उभी राहिले.

काय बोलले ते नीट आठवत नाही. इंग्रजीत बोलले, त्यामुळे मला जमतं तेवढंच बोलले. ओल म्हटलं, बुरशी म्हटलं, मी स्वतः बघितलं म्हटलं, आणि तिला माहीत होतं, म्हणून तर तिने कोठ्या बसवल्या, असंही म्हटलं. कोठ्यांचा पुन्हा पुन्हा उल्लेख केला. निदान तेवढं तरी तुझ्या बाजूचं ऐकू जावं म्हणून. टॉमने फक्त एवढंच विचारलं, तुझी खात्री आहे? मी हो म्हटलं. टोपली जिथे पोचली होती तिथेच कुणीतरी मांडीवर धरून बसलं होतं. श्रीकांत उठला, तुझा फोटो उचलला, हार तिथेच टेबलावर पडला, आणि मराठीत म्हणाला, ‘आजच, शैलाताई? आजच बोलायचं होतं?’

आज नाही तर कधी, उषा? थंडीत खणायला जाणार होते.

काल टॉमचा फोन आला होता. खणणं रद्द केलं, दुसऱ्या गटांनाही कळवतोय म्हणाला. आवाज एकदम म्हाताऱ्याचा वाटला. मी म्हटलं, मग त्या चार वाड्यांना कोठ्या देऊ. तो म्हणाला, बघू, लोक जरा खचलेत, बाहेरही दिवस वाईट आहेत, बँका बुडतायत, गट राहतो की नाही तेच बघायचंय. तू म्हणाली होतीस तसंच झालं. मी खरं बोलले आणि आता तिथे पेवही नाही आणि कोठीही नाही. पुढच्या पावसात त्या घरांमध्ये मका सडणार नाही, कारण नसणारच. यात मी काय मिळवलं ते मला कुणी सांगेल का? रोसाबाईकडे निरोप गेलाय तू गेल्याचा. तिने विचारलं म्हणे, आता कोण येणार? टॉमने माझं नाव सांगितलं. मला मातीतलं काही कळत नाही आणि तिची भाषाही येत नाही.

एवढं लिहून थांबणार होते, पण शनिवारचंच एक राहिलंय. श्रीकांत गाडी गरम करत बसला होता आणि मी पार्किंगमध्ये बसस्टॉपकडे निघाले होते. इरा मागून धावत आली, कोट न घालताच.

‘मावशी, डिड शी नो? खरंच तिला माहीत होतं?’

‘हो.’

‘सिन्स व्हेन?’

‘त्याच दिवसापासून. मी तिच्या शेजारी उभी होते.’

ती हिशेब करत होती, ते मला दिसत होतं. निबंध, स्वल्पविराम, जवळ घेणं. तुझ्यासारखीच खालचा ओठ दातात धरते ती विचार करताना. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

‘वॉज शी गोइंग टु टेल देम?’

टॉमने विचारलं तेव्हा मी क्षणभरही थांबले नव्हते. इथे थांबले. तुझं छताकडे बघणं आठवलं, नळ सोडणं आठवलं, बरं वाटलं की बघू आठवलं. आणि मी म्हटलं, ‘हो. बरं वाटलं की सांगणार होती. मला तसं म्हणाली होती.’ तिने माझ्याकडे नीट बघितलं, मान हलवली आणि गाडीत जाऊन बसली.

उषा, मी तिला खोटं सांगितलं का गं?